सहानंतरची सून

"मग मी माझ्याच घरात तोंडाला कुलूप लावून बसू का?" बाईंनी ताट पुढे सरकवलं.

"कुलूप कशाला," सून म्हणाली. "पडद्यांचं सोडून काहीही बोला. सहा वाजून गेलेत."

"पडद्यांचं सोडून मी काय बोलू?"

बाई दुसऱ्या कशावर मनापासून बोलल्याचं त्यांच्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं. भांडण पेटलं ते एवढ्यावरून, की भाजी वाढून घेता घेता बाई म्हणाल्या, जेवण झालं की ते हिरवे पडदे खिडकीला लाव, मी खाली रस्त्यावर जाऊन बघते. सून म्हणाली, उद्या लावते. मुलगा बायकोच्या बाजूने एक वाक्य बोलायला गेला, तर आईने त्याला, तू तुझी गाडी धुतलीस का, असं विचारून खाली बसवलं. मग बाईंच्या नवऱ्याने तोडगा काढला. ते बँकेतून निवृत्त झालेले. दोन्हीकडची माणसं नाराज होतील असे तोडगे काढण्याचा त्यांना मोठा सराव होता.

"अगं, मालकीण म्हणून सांगू नकोस," ते म्हणाले. "सासू म्हणून सांग. सुनेला घरातला पडदा लाव म्हणायला कुठला कायदा आडवा येतोय?"

बाईंनी क्षणभर विचार केला. मग आवाजात जमेल तेवढा गोडवा आणून त्या म्हणाल्या, "सूनबाई, तेवढा पडदा लावतेस का गं?"

सून उठली. हात धुतले, स्टुलावर चढली, दोन्ही हिरवे पडदे दांडीत ओवले, खाली उतरली आणि पुन्हा ताटावर येऊन बसली.

"कशा पडल्यात चुण्या? डावीकडची जरा ओढल्यासारखी वाटतेय का?" बाईंनी विचारलं.

"सून म्हणून लावले," ती म्हणाली. "चुण्या मला सकाळी नऊनंतर दिसतात."

मुलाला हसू फुटलं. आईचं तोंड बघून त्याने घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि त्याला ठसका लागला.

बाईंना सगळी गल्ली बाईच म्हणते. खाली पडद्यांचा कारखाना, वर घर, मध्ये एक अरुंद जिना आणि बहुतेक वेळा त्या जिन्यावर बाई. त्यांना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. टेकलेलं पाहिलंय. खुर्चीच्या कडेला टेकतात, एक पाय उठण्याच्या तयारीत असतो, आणि समोरचा बोलत असताना त्यांचा हात त्याच्या बाहीवरचा दोरा काढत असतो. लग्न झालं तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक मशीन होतं. नवरा बँकेतून आला की आधी चपला काढायचा आणि लगेच पायातून टाचणी. ते मशीन खाली गेलं, त्याला सोबती मिळाले, शिवणाऱ्या बायका आल्या, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कापायचं टेबल आलं. पायाची भिंगरी मात्र तशीच राहिली. कारखाना मोठा झाल्यामुळे तिला फिरायला जागा जास्त मिळाली, एवढंच.

बाईंची कामाची एक पद्धत होती आणि तीवरच त्यांचं नाव उभं होतं. पडदा दुकानात कळत नाही, असं त्या म्हणत. दिवसा उजेड बाहेरून आत येतो, तेव्हा कापड एक सांगतं. दिवे लागले की उजेड आतून बाहेर जातो, आणि मग तेच कापड भलतंच काही बोलायला लागतं. म्हणून शिवून झालेला प्रत्येक पडदा गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी एक संध्याकाळ बाईंच्या स्वतःच्या दिवाणखान्यात लागायचा. एकाने आत स्टुलावर उभं राहून लावायचा, दुसऱ्याने रस्त्यावरून बघायचा. आधी नवरा लावायचा, पण तो पडदा उलटा लावून वर, हे बरं दिसतंय की, असं म्हणायचा. सून घरात आली तशी स्टुलावर ती चढली. तिची नजर चांगली, हात त्याहून चांगला. बघता बघता खालचं कापायचं टेबलही तिच्याकडे आलं. असं ते घर कायम दुसऱ्यांच्या पडद्याआड राहत आलं. कधी दवाखान्याचे, कधी नव्या जोडप्याचे, कधी शाळेच्या सभागृहाचे. समोरची शेजारीण विचारायची, आज तुमच्याकडे कोण राहायला आलंय?

अशात नवा कायदा आला. बाईंना तो सल्लागाराकडून कळला. सल्लागार म्हणजे पलीकडच्या गल्लीत दुकानदारांचे कर भरून देणारा, बारा महिने सर्दी झालेला गृहस्थ. तो नाक पुसत म्हणाला, "बाई, घरचं माणूस असा प्रकार आता उरला नाही. जो काम करतो तो कामगार. त्याची नोंद पाहिजे, नेमणुकीचं पत्र पाहिजे, वेळ ठरलेली पाहिजे. वेळ संपली की काम सांगायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. तुमची सून कापते ना? तीही आली त्यात. नाहीतर तिला भागीदार करा."

भागीदार म्हटल्यावर बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढची शिंक आतल्या आत जिरवली.

सुनेची नोंद झाली. बाई अर्धवट काही करत नाहीत. कायदा पाळायचा तर तोही धावत पाळायचा. शिवणाऱ्या बायकांना पत्रं दिली, भिंतीवर घंटा लावली, नऊला आणि सहाला ती त्या स्वतः वाजवू लागल्या. तपासनीस येऊन गेला, त्यानेही मान डोलावली. सुनेला पत्र दिलं तेव्हा तिने ते टेबलाशी उभं राहून वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि नीट घडी करून ठेवलं. हातखर्चाच्या जागी आता पगार आला. तोवर तिच्याकडे काम होतं, नोकरी नव्हती.

बाईंच्या डोक्यात कायदा होता तो शिवणाऱ्या बायकांसाठी. सून तो स्वतःला लावून बघेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पहिल्याच दिवशी घंटा झाली आणि सुनेने अर्ध्या कापातून कात्री काढून टेबलावर ठेवली. ती जिना चढू लागली, मागून बाई बोलत बोलत चढू लागल्या, अस्तर कमी पडेल, उद्या आधी ते घे, आणि त्या शाळेवाल्यांना सांग. जिन्याच्या वळणावर सून थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "आई, सहा."

एवढंच. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या घरात एक न बोललेला पडदा लोंबकळत असायचा.

बाईंनी वाटा शोधल्या. ताटावर बसून त्या नवऱ्याला मोठ्याने सांगत, "अहो, पिवळ्या कापडाला दुहेरी शिवण लागेल बरं का," आणि नवरा म्हणे, "हो का, बरं." मुलाच्या फोनवर निरोप पाठवून त्याला तो बायकोशेजारी बसून वाचायला लावत. पहाटे उठून कापायच्या टेबलावर खडूने सूचना लिहून ठेवत. सून नऊला आली की त्या वाचायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि कामाला लागायची. तिचं काम पूर्वीइतकंच होत होतं, किंबहुना जरा चांगलंच. त्यानेच बाईंचा जास्त जळफळाट व्हायचा.

मग हॉटेलचं काम आलं. जेवणाच्या दालनाला एकाशेजारी एक आठ पडदे, गडद तांबडी मखमल. मखमलीला लव असते. हात एका दिशेने फिरवला की ती झोपते, उलटा फिरवला की उठते, आणि रंग बदलल्यासारखा दिसतो. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, हे या धंद्यातलं पहिलीच्या पुस्तकातलं वाक्य. सुनेने सात कापले, घंटा झाली, तिने कात्री ठेवली. टेबलावर आठव्याचं कापड तसंच गुंडाळलेलं राहिलं.

ते कापड बाईंना रात्रभर टोचत राहिलं असणार. दुसऱ्या दिवशी कारखान्याचं दार उघडायच्या आधीच त्यांनी आठवा पडदा स्वतः कापला. टेबलाच्या ज्या बाजूला त्या उभ्या होत्या, तिकडून कापड उलगडणं सोपं होतं, म्हणून घाईत तिकडून उलगडलं. शिवून झाल्यावर पडदे बघायचे कसे, हा प्रश्न आला. घरात लावणं हेही काम, आणि ते सहानंतरचं. सुनेला सांगायचं नाही, असा बाईंनी पण केला. त्यांनी एक पडदा लावला, जिना उतरून रस्त्यावर गेल्या, बघितला, जिना चढून वर आल्या, तो काढला, दुसरा लावला. असे एकेक करून सगळे बघितले. शेजारणीने विचारलं, काही हरवलंय का? एकेकटा बघितला तर प्रत्येक पडदा निर्दोष होता. लव उलटी आहे हे कळायला शेजारी दुसरा पडदा लागतो.

हॉटेलात संध्याकाळी दिवे लागले आणि आठवा पडदा पाण्यात भिजवून टांगल्यासारखा काळवंडला. व्यवस्थापकाचा फोन आला तेव्हा पडदे हॉटेलात लावून आलेला मुलगा घराखाली गाडी लावत होता. तो तसाच परत गेला, सगळ्या जेवणाऱ्या लोकांसमोर शिडी लावून त्याने तो पडदा उतरवला आणि खांद्यावर टाकून घरी आणला.

"कापला मी," बाईंनी कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. त्यांच्यात लपवाछपवी नव्हती. "पण का कापला मी? तू सहाला कात्री ठेवलीस म्हणून."

सुनेने मखमलीवरून एकदा तळवा फिरवला. "मी नऊला कापलाच असता."

"हॉटेलवाला काय नऊची वाट बघत बसतो?"

"पडदे द्यायला अजून दोन दिवस होते, आई."

ते खरं होतं. बाईंनी खोलीतल्या खोलीत एक चक्कर मारली. कुणालाच घाई नव्हती. बाईंना होती, कारण ती त्यांना असतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची घंटा झाल्यावर सुनेने राजीनामा दिला. खाली, टेबलाशी, कामाच्या वेळात. कचेरीची गोष्ट कचेरीत, असा तिचा हिशोब असावा. बाईंना आधी वाटलं, अस्तराची पावती आहे. मग वाचलं आणि हसू आलं.

"घरात कुठे राजीनामा असतो का गं? उद्या सासूचाही देशील."

"तो कायद्यात नाही," सून म्हणाली. "हा आहे. एक महिना आधी सांगायचं, सांगितलं."

मोठ्या रस्त्यावर पडद्यांचं एक काचेचं शोरूम आहे. त्यांनी तिला बोलावलं होतं, कापायलाच. शिवणाऱ्या बायकांनी मशीनं थांबवली नव्हती, पण सगळ्यांच्या सुया एकदम हळू झाल्या होत्या.

"तिथे तुला काय सोन्याची कात्री देणार आहेत? तिथेही सहालाच सुटशील ना?"

"हो, सहालाच." सून हळू बोलत होती, पण टेबलाची कड तिने घट्ट धरली होती. "पण तिथून सुटले की मी घरी येईन. इथून सुटले की कुठे जाऊ? जिना चढला की परत तुम्हीच."

बाई त्या दिवशी तीनदा जिना चढल्या आणि तीनदा कशासाठी आलो ते विसरून खाली उतरल्या.

घरात दोन पक्ष पडले. नवऱ्याचं म्हणणं, फाडून टाक, चार दिवसांनी ती विसरेल. मुलाचं म्हणणं, तिला भागीदार करून टाक. पण दोघांना खरी चिंता होती ती एकच, पडदेवाल्या बाईंची सून दुसऱ्याच्या दुकानात कापते हे गल्लीला काय सांगायचं. मुलाला तर स्वतःच्या बायकोशी बोलायलाही अवघड झालं होतं. तो म्हणे, "मी आता नवरा म्हणून विचारू की मालकिणीचा मुलगा म्हणून?" आणि ती म्हणे, "आधी तू ठरव, मग विचार."

बाईंनी भागीदारीचं बोलून बघितलं. बोलायला त्यांना फार जड गेलं. कारखाना म्हणजे त्यांचा दुसरा मुलगा, खरं तर पहिला. तरी बोलल्या, अर्धं तुझं करते म्हणाल्या. सुनेचे डोळे भरून आल्यासारखे झाले. मग तिने मान हलवली.

"भागीदाराला सहा वाजत नाहीत, आई," ती म्हणाली. "तुम्हाला कधी वाजले?"

बाई सल्लागाराकडे गेल्या. पदर खोचून गेल्या, जणू भांडायचं होतं ते त्याच्याशीच. त्यांनी सुनेच्या पत्रात हट्टाने एक वाक्य घालून घेतलं होतं, नोकरी सोडली तर दोन वर्षं या गावात पडद्यांचं काम करणार नाही. ते वाक्य काढा, ते चालायचं नाही, असं सल्लागाराने तेव्हाच म्हटलं होतं. बाईंनी राहू दे म्हटलं होतं.

"ते वाक्य म्हणजे आता नुसती शाई आहे," तो म्हणाला. "अशी बंधनं रद्द झालीत. तिने उद्या तुमच्या समोरच दुकान टाकलं तरी तुम्हाला काही करता येणार नाही."

"मग मालकाच्या हातात राहिलं काय?"

"राजीनामा मंजूर करणं."

"आणि नाही केला तर?"

"तरी ती जाणारच. फक्त तुम्ही रागावलात एवढं सगळ्यांना कळेल." त्याने रुमाल काढला. "घरातलीच आहे ना? मग बोला की तिच्याशी."

"बोलतेच आहे इतकी वर्षं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

तिथून त्या घरी आल्या नाहीत. पाय मोठ्या रस्त्याकडे वळले. शोरूमसमोर औषधांचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर त्या उभ्या राहिल्या. काचेत लावलेले पडदे त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितले आणि त्यांना बरं वाटलं, कारण एकाची दुमड चक्क वाकडी होती. रस्ता ओलांडून आत जाऊन ते सांगावं, अशी प्रचंड इच्छा त्यांनी दाबली. औषधवाल्याने दोनदा विचारलं, काय पाहिजे. दुसऱ्यांदा त्यांनी खोकल्याची गोळी घेतली.

सहा वाजले तशी शोरूमचं बाजूचं शटर वर झालं आणि माणसं बाहेर पडू लागली. त्यांत एक बाई होती, सुनेच्याच वयाची, बाहीला तांबडे तंतू चिकटलेले. कापणारीच असणार, बाईंना ते लांबूनही कळतं. ती बाहेर आली आणि फुटपाथवर नुसती उभी राहिली. पर्स खांद्यावर सारखी केली. शेजारच्या चपलांच्या दुकानाच्या काचेशी गेली, एक चप्पल बघितली, दुसरी बघितली, आत गेली नाही. मग चालू लागली ती अशी, की मागच्या माणसाला तिला वळसा घालून पुढे जावं लागलं. तिला कुठेतरी जायचं होतं आणि पोहोचायची घाई नव्हती.

बाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. आपली सून जिना चढते तेव्हा दोन दोन पायऱ्या गाळत चढते, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. तरुण आहे, पाय हलके आहेत, असंच त्या समजत होत्या. मागे कुणी लागल्यासारखी ती चढते, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. मागे कोण असतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

खोकल्याची गोळी तोंडात विरघळली तेव्हा त्या घराकडे निघाल्या. आज पाय उचलत नव्हते, आणि तेही त्यांना सहन होत नव्हतं. वाटेत त्या दोनदा थांबल्या, दोनदा उगाच भरभर चालल्या. जेवताना पडद्यांचा विषय निघाला नाही, तर नवऱ्याने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

सकाळी चहाच्या वेळी सगळे स्वयंपाकघरात होते. नवरा वर्तमानपत्रात, मुलगा गाडीची किल्ली शोधत, सून खिडकीशी उभी राहून केस बांधत. बाई खालून वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या, टेकल्यासुद्धा नाहीत.

"राजीनामा मंजूर केलाय," त्या म्हणाल्या. "सही करून, शिक्का मारून टेबलावर ठेवलाय. नऊ वाजले की घे."

सुनेचा हात केसांतच राहिला. मुलगा वळला.

"आई, अगं पण लोकांना..."

"महिना संपला की ही तिकडे जाईल. मी कापायला माणूस बघतेय, बाहेरचा. कुणी हिला समजवायचं नाही, थांबवायचं नाही, आणि मला विचारायचं नाही."